रिंगणीतला अनोळखी पदार्थ

जगात काहीही शुद्ध नाही असं मानणाऱ्यांची कधी परिषद भरलीच, तर अध्यक्षपदी माझ्या नणंदेची बिनविरोध निवड होईल. आणि ती बिनविरोध झालीच कशी, हा पहिला संशय तीच घेईल. ती सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आणि माधवनगरला आमच्याकडे राहते. त्यामुळे आमच्याकडचं दूध आधी तिच्या अंगठ्याच्या नखावरून ओघळतं आणि मग पातेल्यात जातं. हळदीला ग्लासभर पाण्यात उतरून आपलं चारित्र्य सिद्ध करावं लागतं. हिंगाच्या डबीकडे तर ती अशी बघते की फोडणी देताना मलाच अपराधी वाटतं. एकदा शेजारच्या काकूंनी प्रेमाने लोण्याची वाटी आणून दिली, घरचं आहे म्हणाल्या. "घरचं खरं, पण कुणाच्या घरचं?" हिने त्यांच्या तोंडावर विचारलं. पुढचे कितीतरी दिवस काकूंची समजूत काढायचं काम माझ्याकडे होतं.

एरवी अशा स्वभावाचं काय लोणचं घालायचं? पण तिच्या विद्येत तो मोठा गुण ठरतो. तिचा विषय भुईरिंगणी. माण तालुक्यातल्या माळावर जमिनीलगत पसरणारी, पानापानावर काटे असलेली ही वनस्पती. खोकल्यावर तिचा काढा देतात. ती वाळवायची, कुटायची, अल्कोहोलात भिजत घालायची, आणि त्या अर्कात एकमेकांत मिसळून बसलेले पदार्थ एकेक करून वेगळे काढायचे. मग कोण कुठल्या कुळातला ते ठरवायचं. त्यासाठी अर्काचा थेंब एका पांढऱ्या प्लेटवर लावून तिचं टोक द्रावणात बुडवतात. द्रावण वर चढत जातं आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबून ठिपका होतो. एक ठिपका दिसला की माझ्यासारखीला वाटतं, झाला एक पदार्थ. "तसं नसतंय वैनी," ती म्हणते, "एका ठिपक्यामागं दोघं लपून बसत्यात. द्रावण बदलून बघायचं." कोरेगावचं एक स्थळ आलं होतं, त्यालाही तिने हाच न्याय लावला. चहापोह्यांच्या वेळी मुलगा अगदी सालस. हिने त्याला दुसऱ्यांदा भेटायला एसटी स्टँडवर बोलावलं, ऐन गर्दीच्या वेळी. रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना त्याच्यातला दुसरा ठिपका बाहेर आला आणि स्थळ बारगळलं.

अख्ख्या जगात तिचा विश्वास एकाच माणसावर, तो म्हणजे आबांवर. आबा तिचे वडील, माझे सासरे. ते दहिवडीजवळ गावीच राहतात. बाजारातली रिंगणी हिच्या परीक्षेत केव्हाच नापास झाली होती, त्यामुळे आबाच माळावर जाऊन तोडायचे, सावलीत वाळवायचे आणि एसटीने आणून द्यायचे. त्यांनी आणलेली जुडी मात्र ती न हुंगता, न चाचपता, सरळ उचलून घ्यायची.

गेल्या वर्षी त्या रिंगणीत तिला असा एक पदार्थ सापडला की जो ह्या वनस्पतीत आजवर कुणाला सापडला नव्हता. तिचे गाईड सर हरखून गेले. पेपर लिहून पाठवलाही, पीएच.डी. आता त्याच्यावरच उभी राहणार होती, आणि आबांनी तर गावात पेढे वाटले. हिला मात्र जेवण जाईना. "वैनी, हाच पदार्थ प्लॅस्टिक मऊ करायला घालत्यात. झाडात कशाला यील?" सर म्हणाले, "अगं, दुसऱ्या झाडांत सापडल्याचे पेपर आहेत की. आता किती उकरशील?" पण ती ऐकते कुठली! तिने अल्कोहोलचा कॅन तपासला, रबरी नळ्या तपासल्या, बाटल्यांची झाकणं तपासली. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांच्या बादलीवरही वहीम घेतला, तेव्हा मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सगळे निर्दोष सुटले.

उरली ती आबांची पिशवी. तिने पहिल्या फेलोशिपमधून आबांना जाडजूड ब्लँकेट घेऊन दिलं होतं, त्याची ती चेनवाली, मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. घरातली सगळ्यात चांगली पिशवी, म्हणून आबांनी ती लेकीच्या रिंगणीसाठी राखून ठेवली होती. उन्हाळाभर रिंगणी तिच्यातच असायची. नणंदेने पिशवीचा एक कोपरा कापला, त्याच अल्कोहोलात भिजवला, आणि स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नाही म्हणून मला कॉलेजात घेऊन गेली. "माझ्या तोंडाकडं बघू नका. प्लेटकडं बघून सांगा." दिव्याच्या जांभळ्या उजेडात तिच्या शोधाचा ठिपका आणि पिशवीचा ठिपका अगदी शेजारी, एकाच उंचीवर होते. "द्रावण बदलून बघ ना गं," मी म्हणाले. "सगळी बदलून झाली," ती म्हणाली आणि तिने दिवा बंद केला. तिचा संशय चुकीचा ठरावा असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं होतं.

पेपर तिने मागे घेतला. पीएच.डी. लांबली. दिवाळीत आम्ही गावी गेलो, तेव्हा तिने कापडी पिशव्या शिवून नेल्या होत्या. आबा, ती आणि मी, तिघं माळावर गेलो. आबांनी त्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या.

"आन् ती चेनवाली का नगं? लय झ्याक हाय की."

"झ्याक हाय म्हणूनच. ती घरात वापरा तुमी."

आबा वाकून रिंगणी तोडत राहिले. बोटांना काटे लागत होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने वर न बघताच त्यांनी विचारलं, "ते घावल्यालं औषध ऱ्हायलं म्हणं. माज्याकडनं काय चुकलं व्हय गं?"

"न्हाई आबा," ती चटकन म्हणाली. "माझ्याकडनंच चुकलं."

तिला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी लगेच विश्वास ठेवला. "मग हुतंय की पोरी. येवढं शिकतीस, येखाद्या टायमाला चुकायचंच," असं तिची समजूत काढत ते म्हणाले, आणि तिच्या हातांना काटे लागू नयेत म्हणून त्यांनी तिच्या हातातली रिंगणी काढून स्वतःकडे घेतली. तिने मान खाली घातली. मी कापडी पिशवीचं तोंड उघडून धरलं.