चाळणीताईंची शिफारस

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंना शहरातली हौशी नाटकमंडळी चाळणीताई म्हणत. ताईंनी स्वतः कधी तोंडाला रंग लावला नव्हता. पण मंडळाकडे नवं नाटक आलं की ते आधी ताईंकडे जायचं. त्या वाचून सांगायच्या: हे करा, हे नुसतं वाचा, हे लेखकाला आदरानं परत द्या.

चाळायची त्यांची रीत वेगळी होती. जेवणं आटोपली की त्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, समोर बसवायच्या. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. नाटकाशी त्यांचा संबंध एवढाच, की बायकोला नाही म्हणायची सोय नव्हती. बायकांची वाक्यं ताई वाचायच्या, पुरुषांची काका. मंत्री असो की चोर, काका सगळ्यांना एकाच सुरात वाचायचे, सुट्या भागांची यादी वाचावी तसे. ताईंना तेच हवं असायचं. चांगला नट पोकळ वाक्यालाही टेकू देऊन उभं करतो. काकांच्या तोंडून पडूनही जे उभं राहील, ते खरं.

एकदा एका नवख्या लेखिकेचं छोटंसं नाटक आलं. आई, बाप आणि दूर राहणारा मुलगा. मुलगा फोन करतो, बाप उचलतो आणि दर वेळी "थांब, आईला देतो" म्हणून उठून जातो. दुसऱ्यांदा ते वाक्य आलं, तसे काका थांबले.

"हिला कुणी सांगितलं?"

"कुणाला? काय?"

"काही नाही. वाच पुढे."

ताईंनी पुढे वाचलं, पण काकांनी पाणी प्यायला म्हणून उठून स्वयंपाकघरातच बराच वेळ काढला. त्यांचा मुलगा नोकरीवरून बापाशी भांडून घर सोडून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. फोन यायचा तो आईला. काकांनी उचललाच, तर तेच वाक्य.

मंडळाच्या बैठकीत दिग्दर्शक म्हणाला, "ताई, वाचायला छानच आहे. पण यात घडतं काय? फोन येतो नि बाप उठून जातो!"

"तेच घडतं," ताई म्हणाल्या.

"लोक तिकीट काढून उठून जाणारा बाप बघायला येतील?"

एरवी ताई मत सांगून चहाकडे वळायच्या. त्या दिवशी मात्र हटून बसल्या. शेवटी "तुमच्या शब्दाखातर" म्हणून नाटक उभं राहिलं.

पहिल्या प्रयोगाला काका आले. बापाचं काम करणारा नट शेवटचं "आईला देतो" छाती पिटून, रडत ओरडला. टाळ्या पडल्या. घरी जाताना काका म्हणाले, "असं कोण ओरडतं? माणूस घाईत म्हणतो. हात भाजल्यासारखा."

ताईंनी ते नटाला जसंच्या तसं सांगितलं. तो आधी फुरंगटला, पण पुढच्या प्रयोगात त्यानं ते वाक्य घाईत उरकलं. टाळ्या कमी पडल्या. काही जणांना नाटक रटाळ वाटलं, तेही त्यांनी तोंडावर सांगितलं. एक बाई मात्र पडदा पडल्यावरही खुर्चीतच बसून राहिल्या.

पुढे मुलाच्या शहरातल्या एका मंडळानं ताईंना विचारलं, "करण्यासारखं नवं काही सुचवा ना." ताईंनी हे नाटक सुचवलं. सुचवलं खरं, पण मन खाऊ लागलं. आपण नाटकाची शिफारस केली, की आपल्या घराची? ही तर लबाडी झाली. त्यांनी पुन्हा संहिता काढली आणि कुणा परक्याची असल्यासारखी एकटीनं वाचली. नाटक चांगलंच होतं. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. मग मुलाला फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडे एक नाटक लागणार आहे. जमलं तर बघ."

प्रयोगानंतरच्या रविवारी फोन वाजला. ताईंनी उचलला.

"बाबा आहेत का गं?"

ताईंनी फोन काकांसमोर धरला. काका गॅलरीत गेले. त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मधेच लिफ्टच्या तारेचं काहीतरी, मग बराच वेळ नुसतंच "हं". ताई तोवर धुतलेल्याच कपबशा पुन्हा धूत राहिल्या.

काका आत आले.

"काय म्हणत होता?"

"म्हणाला, नाटक जरा संथ आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, संथ असतंच ते. मधे उठून जाऊ नये." काकांनी फोन टेबलावर ठेवला. "पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. बघू, आला तर."