कल्हईचा पेला

कसबा पेठेतल्या त्या तांबटकाकांचं नाव मी विचारलंच नाही. पथनाटकासाठी तांब्याचा पेला हवा होता. काका चार ठोके घालत, थांबत, उजवं मनगट दाबून धरत आणि पुन्हा हातोडी उचलत.

"यातून पिणार कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. नाटकातला आहे."

"उद्या कोणी ताक ओतलं तर कळकेल. कल्हई केल्याशिवाय देणार नाही."

कल्हई होईपर्यंत मी त्यांना नाटकाची गोष्ट सांगितली. जुन्या युरोपातला एक निष्कलंक सरदार पवित्र पेला शोधत आजारी राजाच्या गढीत पोचतो. पेला त्याच्या समोरून नेतात. राजा कण्हत असतो, पण पाहुण्यानं चौकशी करू नये म्हणून सरदार गप्प बसतो. सकाळी राजा नाही, पेला नाही. मग तो वर्षानुवर्षं भटकतो.

"फार शिकलेला दिसतोय," काका म्हणाले. "अहो, माणूस कण्हतोय तर काय होतंय विचारावं. त्याला सरदारकी कशाला लागते?"

मी हसले, सरंजामशाहीवर चार वाक्यं ऐकवली आणि पेला घेऊन निघाले.

दोन महिन्यांनी गेले, तर दुकान बंद. शेजारचा म्हणाला, "हात चालेना. मुलीकडे गेले म्हणे. कुठं, ते माहीत नाही."

आता प्रयोग संपला की आम्ही त्याच पेल्यातून ताक पितो. ते कळकत नाही. माझी पाळी आली की वाटतं, काका समोर असावेत आणि मी एवढंच विचारावं, "काका, मनगटाला काय झालंय?"