दहा मार्कांची नैतिक सूत्रं

चाळिशी उलटल्यावर माणूस शिकायला बसला, की डिग्री मिळायची तेव्हा मिळते, किस्से मात्र पहिल्या रविवारपासूनच जमायला लागतात. आमच्या वाशीमच्या रविवारच्या वर्गाचे इतके जमलेत, की कुठून सुरू करावं कळत नाही. एक गोष्ट आधीच कबूल करते. यातल्या जवळजवळ प्रत्येक किस्स्यात मी कुणावर तरी जळते आहे. आणि ते 'कुणीतरी' दरवेळी एकच आहे.

वर्गात आम्ही चौघं नेमानं यायचो. मी, रिसोडच्या पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. गावंडे काका, रिटायर हवालदार. राठोड, एसटीत कंडक्टर. आणि केनवडची संगीता, अंगणवाडीत मदतनीस. बीएच्या अभ्यासाला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. गोऱ्यांच्या गावात एका काळ्या माणसावर खोटा आळ येतो, एक गोरा वकील त्याच्या बाजूनं उभा राहतो आणि गाव वकिलावरच उलटतं, अशी ती गोष्ट. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "'कादंबरीतील नैतिक सूत्रे' हा प्रश्न येणारच. दहा मार्क!"

गावंडे काकांनी हात वर केला. "सर, आमच्या खात्यात सूत्र म्हणजे खबरी. हे नैतिक सूत्र म्हणजे खरं बोलणारा खबरी काय?"

सर म्हणाले, "तसंच समजा."

०

सरांकडं मराठी अनुवादाची एकच प्रत होती. बाकीच्यांनी तिच्या झेरॉक्स काढल्या. मी? मी इंग्रजी मूळ पुस्तक ऑनलाइन मागवलं! इंप्रेशन पडायला नको? डिक्शनरी शेजारी ठेवून रोज चार पानं रेटली. दुसऱ्या रविवारी ऐटीत सांगितलं, "माझी चाळीस पानं झाली. ओरिजिनलची!"

संगीता म्हणाली, "माही पुरी झाली."

"पुरी? कधी वाचलीस?"

"तूर निवडता निवडता. सासूबाईले मोठ्यानं वाचून दाखवली. चार दिवसांत संपली."

सरांना उत्सुकता. "मग काय म्हणाल्या सासूबाई?"

"त्या म्हनल्या, हे अमेरिका कोनत्या तालुक्यात येते? मानसं वळखीचे वाटून राह्यले!"

सर इतके खूश झाले, की ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी आठ वर्षं ऑफिसात टिपणी लिहिते, माझं एक वाक्य कुणी फळ्यावर लिहिलं नाही. आणि इथं सासूचं लिहिलं! त्या दिवशी मला माझ्या सासूबाईंचासुद्धा राग आला. त्या टीव्हीवर मालिका बघत होत्या.

०

कोर्टाचा भाग आला तेव्हा गावंडे काका रंगात आले. "ही केस उभीच राहत नाही! पंचनामा नाही, साक्षीदार फुटके. अशी केस आपल्याकडं पयल्याच तारखेले उडते. आरोपी सुटला असता!"

संगीतानं खाली मान घालूनच विचारलं, "आपल्याकडं सुटला असता काय, काका?"

काका थांबले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. नोकरीतली तीस-बत्तीस वर्षं त्यांच्या तोंडावरून सरकताना दिसली.

"एखादा," म्हणाले.

तोवर ते तिला "ए पोरी" म्हणायचे. त्या दिवसापासून "संगीताताई" म्हणायला लागले. मला अजून नुसतंच "मॅडम"!

०

सरांना एकदा लहर आली. "कोर्टाचा सीन करून बघू. कोण काय होणार?"

राठोड म्हणाले, "मी वकील. गाडीत रोज पन्नास जनाईसंग भांडतो, आवाज आहे."

गावंडे काका म्हणाले, "वकील मीच. आयुष्यभर त्याईचे उलटतपास सहन केले, आता एकडाव करून पाहू द्या."

मी म्हणाले, "भूमिका बाईनं केली तर वेगळा अँगल मिळेल." म्हणजे वकील मीच!

सर वैतागले. "सगळेच वकील? मग आरोपी कोण होणार?"

आम्ही तिघांनी एकाच वेळी संगीताकडं पाहिलं. देवाशपथ, कुणी ठरवलं नव्हतं. माना आपोआप वळल्या.

संगीतानं आमच्याकडं एकेक करून पाहिलं. "नका पाहू तसं. ह्या खेपेले मी जज."

सीन झालाच नाही. सरांनी अर्धा तास लवकर सोडलं.

०

मग सरांनी स्वाध्याय दिला: कादंबरीतल्या अन्यायासारखा स्वतःचा एक अनुभव लिहा. संगीतानं तो वर्गात वाचला. चौथीत ती पहिली आली होती. बक्षीस द्यायला गावातले एक मोठे गृहस्थ आलेले. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या पोरांना त्यांनी कंपासपेटी हातात दिली. संगीता बौद्धवाड्यातली. तिची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उचल."

एवढंच. खाली एकच ओळ: 'मी उचलली, कारण मले ती पाहिजे होती.'

राठोड खिडकीबाहेर बघायला लागले. आणि मी काय विचार करत होते, सांगू? देशमुखांची लेक, देशमुखांचीच सून. माझं बक्षीस मला नेहमी हातातच मिळालं. माझ्याकडं लिहायला काहीच नव्हतं! बाहेर आल्यावर मी बोलूनही गेले, "तुझं बरं आहे बाई. तुझ्याकडं अनुभव आहे!"

जीभ चावली, पण शब्द गेले होते.

संगीता हसली. "घ्या ना मॅडम, अर्धा तुमी घ्या. आमच्याकडं लय पडला आहे."

०

आता एक किस्सा मी कधी कुणाला सांगितलेला नाही. स्वाध्याय जमा करायची तारीख एक आठवडा अलीकडं आली. मी वर्गप्रतिनिधी, म्हणून सरांनी मला फोन केला, "सगळ्यांना कळवा." मी काकांना कळवलं. राठोडांना कळवलं. संगीताचा नंबर काढला, हातात धरला आणि फोन बाजूला ठेवून कणिक मळायला घेतली.

रविवारी चेहरा पाडून म्हणाले, "अगं, गुरुवारी तुला लावत होते, पण रेंजच नव्हती! आता गं?"

"मी तर मागल्या रविवारीच देऊन टाकला," संगीता म्हणाली.

म्हणजे पापही वाया गेलं!

ती जाता जाता वळली. "रेंज नोती म्हनता, मॅडम? त्या दिवशी मामंजीच्या भावाचेच चार फोन आले मले."

पुढं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी आठवडाभर त्याचीच वाट बघत होते.

०

मार्क आले. वीसपैकी मला सतरा, तिला चौदा. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पुढं! तिच्या वहीत लाल शाईनं शेरा होता: 'बोलीभाषा टाळावी.' त्या 'मले'खाली दोन रेघा. माझ्या वहीवर 'उत्तम'. माझं सगळं गाइडमधून उतरवलेलं होतं, 'मानवतेचा चिरंतन संदेश' वगैरे.

राठोडांनी दोन्ही वह्या वाचल्या आणि माझी परत देत म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी टायमावर आली. पन रिकामी."

मी म्हटलं, "मार्क तर जास्त आहेत ना?"

पण घरी जाताना कळत होतं, तिचे चौदा माझ्या सतरापेक्षा मोठे आहेत. कळत नसतं, तर एवढं जळलंच नसतं.

०

आता शेवटचा.

गेल्या उन्हाळ्यात दप्तर तपासणीसाठी मी केनवडला गेले. काम संपलं, पण रिसोडकडची बस दोन तासांनी होती. ग्रामपंचायतीबाहेर संगीता भेटली. "इथं उन्हात काहून थांबता? घरी चला."

गेले. स्वच्छ सारवलेली ओसरी. सासूबाईंनी मला पाहिलं, नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि लगेच शेजारच्या बाईला दुकानावर पिटाळलं. पाच मिनिटांत माझ्यापुढं पाण्याची सीलबंद बाटली आली. झाकणही न उघडलेली.

मी म्हणाले, "मावशी, हे कायले? घरचंच द्या."

म्हातारीनं संगीताकडं पाहिलं. संगीतानं माझ्याकडं पाहिलं. मग ती आत गेली आणि माठातलं पाणी पितळी पेल्यात घेऊन आली. मी प्याले. आणखी मागितलं, तेही प्याले. तिसरा पेला तहान नसताना प्याले. बसमध्ये बसले तेव्हा ऊर असा भरून आला होता, की विचारू नका. घरी मात्र यातलं काही सांगितलं नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी सरांनी विचारलं, "या कादंबरीनं तुमच्यात काय बदललं? प्रत्येकानं एका वाक्यात सांगा."

गावंडे काका म्हणाले, "झोप कमी झाली." राठोड म्हणाले, "आता मी कुनाले 'ए' म्हनून तिकीट देत नाही."

माझी पाळी आली. मी उभी राहिले. एका वाक्याची दहा झाली. केनवड, ऊन, बाटली, माठ, तीन पेले, सगळं सांगितलं. आवाजसुद्धा थोडा कापला. सर भारावले. टाळी वाजवली. काकांनी वाजवली, राठोडांनी वाजवली. दोन वर्षांत वर्गानं माझ्यासाठी वाजवलेली पहिली टाळी! मी ती अंगभर घेतली आणि हळूच तिच्याकडं पाहिलं. म्हटलं, आता बोल.

सर म्हणाले, "आणि संगीताताई, तुम्ही?"

संगीता वही बंद करत म्हणाली, "मी पानी पाजलं, सर."