आईची साक्ष

आमच्या आईला एकच वाक्य येत होतं. बाबांची चौकशी करायला कोणीही आलं की ती दारातच सांगायची, "ठीक हायेत आता." आत बाबा तिसऱ्यांदा जेवायला मागत असायचे, नाहीतर नळ सोडून वाहत्या पाण्याकडे बघत बसलेले असायचे. तरी आईचं ठीकच. मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की पाहुण्यांचा चहा मी मुद्दाम फिका करायचे.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. फर्स्ट शिफ्ट करून सायकलने परत येताना नेहरू नगरजवळ त्यांना एका ट्रकने उडवलं. पाय मोडला, डोक्याला मार बसला. पाय जुळून आला. टाके केसांत लपले आणि लोकांना वाटलं, माणूस बरा झाला. पण दवाखान्यातून घरी आलेला माणूस वेगळाच होता. जन्मात शिवी न दिलेले बाबा भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावायचे आणि कोणाच्या मयताची बातमी ऐकून हसत सुटायचे. क्रेनवर चढणं तर सोडाच, चौकातून एकट्याने घरी येणंही त्यांना जमेना.

ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं होतं की पाय बरा झाला, विषय संपला. दुर्गच्या कोर्टात आमचा दावा चालू होता. बाबा जन्माचे अधू झालेत हे कोर्टाला पटलं नाही, तर त्यांचं औषधपाणी, माझं शिक्षण, सगळं घर एकट्या आईच्या अंगावर पडणार होतं. आमचे वकील दुर्गलाच, पद्मनाभपुरात राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्यासारखेच.

बाबांच्या साक्षीच्या दिवशी आईने काय करावं? त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री केली, डोक्याला तेल लावलं आणि टाके झाकतील असा भांग पाडला. चार लोकांत जायचं तर नीटनेटकं जावं, मग ते लग्न असो की कोर्ट, हा आमच्या लोकांचा शिरस्ता. समोरच्या वकिलाने नाव विचारलं, बाबांनी सांगितलं. कारखान्यातल्या हजेरीचा टोकन नंबर विचारला, तो घडाघडा म्हणून दाखवला. वर हात जोडून नमस्कारही केला. वकील जजसाहेबांकडे वळून म्हणाला, "आदमी तो बिल्कुल ठीक है, साहब." आईचंच वाक्य, फक्त हिंदीत.

बाहेर आल्यावर मी आईवर तुटून पडले. "सांग अजून सगळ्यायले, ठीक हायेत म्हणून." आई पदराशी चाळा करत उभी राहिली. वकीलसाहेबांनीच मला गप्प केलं. "पोरी, नवऱ्याबद्दल वाईट बोलनं तिले जमनार नाही. मी तिले ते मागनारच नाही." मग ते तिच्याकडे वळले. "वहिनी, पुढच्या तारखेले तुमची साक्ष हाये. तक्रार नोका करू. लग्न झाल्यापासून हे कसे होते, तेवढं सांगा. चांगलंच सांगा."

"चांगलं सांगून का होईन?" आईने विचारलं.

"सांगून तर पाहा."

मला वाटलं, वकिलाचंही डोकं फिरलं.

आईची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' आणि 'था' लावलेलं. पण त्या दिवशी ती बोलली. नवी नवरी म्हणून भिलाईत आली, तेव्हा कारखान्याकडचं आभाळ लाल झालेलं पाहून ती रडायची. बाबा तिला सायकलवर बसवून तिकडे घेऊन गेले आणि तो उजेड कशाचा, ते समजावलं. तान्ह्या पोळ्याला सेक्टरमधल्या सगळ्या पोरांच्या लाकडी बैलांना ते चाकं बसवून द्यायचे. स्वतःच्या पोरीचा बैल शेवटी. आई आजारी पडली तर माझ्या वेण्या घालून देत, वाकड्यातिकड्या. घरात आवाज चढला तर बाबाच उठून अंगणात जात. जजसाहेबांनी आधी एकदोनदा हसू दाबलं, मग मान वर करून ऐकायला लागले. आई थांबेचना. इतकी वर्षं हे सगळं तिने कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

बाबा माझ्या शेजारी बाकावर बसले होते, कान देऊन ऐकत. मध्येच ते मोठ्याने म्हणाले, "कोन होय हा मानूस? लय चांगला दिसते. भेटाले पायजे त्याले."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपण कुठे उभ्या आहोत हे विसरून मराठीतच म्हणाली, "नाही राह्यला तो."

वकीलसाहेबांनी फाइल मिटली. "मुझे और कुछ नहीं पूछना." समोरच्या वकिलानेही काही विचारलं नाही. बाहेर व्हरांड्यात आई पहिल्यांदा हमसून रडली आणि बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "रडू नोको वं," ते म्हणाले. मीही रडले, आणि आईचा हात धरला.

काही महिन्यांनी निकाल आमच्या बाजूने लागला आणि भरपाई मिळाली. त्यावर आमचं घर चाललं, माझं कॉलेज पुरं झालं, बाबांचं औषध कधी चुकलं नाही. त्यासाठी मी वकीलसाहेबांची जन्माची ऋणी आहे. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दिली, आणि तिची कल्पना बहुधा त्यांनाही नव्हती. आई दारात 'ठीक हायेत' म्हणायची बंद झाली. आलेल्याला बसवून, बाबा आधी कसे होते ते ती सांगू लागली. जवळच्या उतई गावाहून येणारी आत्या, शेजारपाजारचे, सगळे ऐकायला लागले आणि मग बाबांना सांभाळायलाही लागले. कोणी आलं नाही, त्या संध्याकाळी बाबा स्वतःच खुर्ची ओढून आईजवळ बसायचे. "त्या मानसाचं सांग नं," म्हणायचे.

आणि आई पहिल्यापासून सुरुवात करायची.