उगवतीकडं तोंड करून वाचलेला नकाशा

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि मध्येच कुणी "मग विहिरीचं काय झालं?" असं विचारायचं नाही. विहिरीपाशी मी येणारच आहे.

माजलगाव आता आमच्या शिवेला येऊन टेकलंय. परवापर्यंत जिथं कापूस होता, तिथं आज प्लॉटिंगची कमान उभी. अशात पंचायतीत एक नकाशा आला. पुढं कुठं शेती राहणार, कुठं घरं होणार, बाह्यवळण रस्ता कुठून जाणार, सगळं त्यात. हिरवा रंग शेतीचा, पिवळा घरांचा, आणि रस्ता म्हणजे जाड काळी रेघ. हरकत असेल तर मुदतीत कळवा म्हणे.

गावात नकाशा वाचणारा कोण? अर्थात मी. बारावी झालोय, तीही भूगोल घेऊन. मारुतीच्या पारावर चटई टाकली, नकाशा पसरला आणि चांगल्या कामाला बसावं तसा उगवतीकडं तोंड करून बसलो. आमच्याकडं खरेदीखत वाचायलाही असंच बसतात. चतुःसीमासुद्धा पूर्वेपासूनच सुरू होते. म्हणजे नकाशाची वरची बाजू उगवतीची. यात शंका घेण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

आणि काळी रेघ नेमकी वरच्या बाजूनं गेलेली. गावाच्या उगवतीला माझं रान. त्यात माझी विहीर, आज्यानं आणि बापानं हातानं फोडलेली. उन्हाळ्यात अर्धं गाव तिच्यावर हंडे भरतं. माझं टाळकंच सरकलं.

"बघा, इहीर बुजवून रस्ता काढायलेत," मी सगळ्यांना सांगितलं.

माझी बायको सुनंदा वाकून बघत होती. "अवं, पर आपला कालवा मावळतीला हाय. हितं उत्तरंला कावून दिसायलाय?"

"नकाशा चुकलाय त्यांचा. हापिसात बसून काढल्यावर असंच व्हतंय."

"आन् ह्यो कोपऱ्यातला बाण?" गुलाबचाचांनी विचारलं.

"बाणाचं काय घिऊन बसलाव चाचा, नक्षी हाय ती."

झालं. हरकत लिहिली. एक, रस्ता विहिरीवरून जाऊ देणार नाही. दोन, शासनानं आमचा कालवा चुकीच्या दिशेला नेला आहे, तो जागेवर आणून ठेवावा. पण नुसता विरोध करणारा मी नव्हे. गावाच्या दक्षिणेला मोकळा माळ आहे. उगवतीकडं तोंड केलं की दक्षिण उजव्या हाताला. पट्टी लावून नकाशाच्या उजव्या बाजूला मी झोकात लाल रेघ ओढली. चाळीस सह्या गोळा केल्या, पहिली माझी.

सुनावणीला तरुण मॅडम होत्या. लाल रेघ बघून त्यांनी चष्मा पुसला. "ही कुणी आखली?"

"मी."

"हिच्यात कुणाची जमीन जाते, नीट बघितलंय ना?"

"बघूनच आखली. रस्ता जाईल तर ह्याच रेघंवरून. एक बोट जरी इकडंतिकडं सरकला तर सारं गाव तुमच्या दारात बसंल."

"आणि कालव्याचं तुम्ही जे लिहिलंय..."

"कालव्याचं मागून बघू."

मागं टाळ्या पडल्या. मॅडमनी तेच तीनदा विचारलं, मी तीनदा तेच ठणकावलं. शेवटी त्यांनी लिहून घेतलं. जिंकलो की मी. गावात माझा नारळ देऊन सत्कार झाला.

काही महिन्यांनी सुधारित नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. रस्ता अगदी माझ्या लाल रेघेवरून. मी छाती काढून भिंतीपाशी उभा. सुनंदानं मात्र कालव्यावर बोट ठेवलं, मान तिरपी केली आणि बोट हळूहळू गावातून पलीकडं नेलं.

"अवं, कालवा मावळतीला धरला तर रस्ता आपल्या इहिरीत पडायलाय."

तसाच गाडी काढून माजलगावला गेलो. मॅडमनी कोपऱ्यातल्या त्या नक्षीवर बोट ठेवलं. "ही उत्तर. वरची बाजू उत्तरेची. आधीचा रस्ता उत्तरेच्या बरडावरून होता. तिथं तुमच्या गावात कुणाचंच काही जात नव्हतं."

"मग तवा सांगितलं कावून न्हाई?"

त्यांनी फाइल उघडली आणि माझंच वाक्य वाचून दाखवलं, एका बोटासकट. "जमीनमालक स्वतःच विहिरीवरून रस्ता मागतोय, हे आम्हालाही नवीन होतं."

पण मी काय गप बसणार? विहीर बुजू देणार नाही म्हणजे नाही. सुधारित नकाशावरही हरकत घेता येते. पुन्हा पारावर बसलो, या खेपेला उत्तरेकडं तोंड करून, आणि लिहिलं: "मागील हरकतदारास नकाशा वाचता येत नाही व तो कुणाचे ऐकतही नाही. सबब त्याचे म्हणणे फेटाळून लावावे."

मी सोडून बाकीच्या एकोणचाळीस जणांनी वाचून, खुशीत सह्या केल्या. पहिली सुनंदानं, मी मजकूर संपवायच्या आत. माझ्यासाठी तळाला बोटभर जागा उरली होती. तिच्यात सही काही मावेना.

मग मी अंगठा लावला.