वार पडेपर्यंत

चुलीवर बाळंतिणीचा काढा उकळतोय आणि तिचं लेकरू तिथंच उपाशी बांधलेलं आहे, असं तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. करमाडजवळच्या आमच्या शेतात, गेल्या हिवाळ्यात. आमची लालकंधारी गाय सकाळीच व्याली. कालवड झाली. गायीनं तिला चाटून कोरडं केलं आणि ती लटपटत उठून थेट कासेकडं वळली. तेवढ्यात काकानं तिला मागं ओढून समोरच्या खुंट्याला बांधलं. वार अजून पडली नव्हती. व्याल्यानंतर पोटातून जी पिशवी बाहेर येते ती वार. ती पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

काकूनं तोवर चूल पेटवली होती. बाळंतशेपा, मेथी, सुंठ, ओवा ठेचून पाण्यात टाकलं, वरून गूळ. मला तिनं ओढ्याकडं बांबूचा पाला आणायला पिटाळलं. तो खाल्ला की वार सुटते म्हणे. कोमट काढा गाय घमेलं चाटूनपुसून प्याली. कालवड दाव्याला ताण देऊन बघत होती.

"काका, सोडा ना तिला. चीक पिऊ द्या."

"वार पडल्याबिगर? चीक पाजला की वार आत सरकती. लई जनावरं गेली अशानं."

"कुणाची गेली? एक सांगा."

"तुझ्या बापानं तुला सरकारी पत्रकं वाचून वाढवलं, पोरी. गाईनं नाय वाचली ती."

काकू हसली. मलाही हसू आलं आणि हसल्याचा रागही आला.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, आधी वासरू पाजा. ते ओढायला लागलं की गर्भाशय आवळतं, वार सुटायला मदतच होते. आणि रोगाशी लढायची ताकद वासराला या पहिल्या चिकातूनच मिळते, उशीर झाला की मिळत नाही. काकानं सगळं ऐकलं. "व्हय, व्हय, डॉक्टरसाहेब," म्हणाला. दावं मात्र सोडलं नाही.

दुपारनंतर कालवडीचं हंबरणं थांबलं. ती खाली बसून दावं चोखत राहिली.

दिवस मावळताना वार पडली. काकानं लगेच कालवड उचलून कासेखाली धरली, पण तिला आचळ तोंडात धरता येईना. काकू बोट चिकात बुडवून तिच्या जिभेला लावत होती. "पी गं माय, पी," म्हणत होती. थोडं पोटात गेलं. मग हगवण लागली. डॉक्टर आले, सलाईन लावलं. कालवड वाचली नाही.

गाय ठणठणीत राहिली. काकू म्हणते, काढ्यानं. असेलही, त्या काढ्यावर माझा राग नाही. पण चिकाचा खरवस करून शेजारी वाटायचा असतो, तो काकूनं केला नाही. गाय कितीतरी दिवस त्या रिकाम्या खुंट्याचा वास घेत राहिली.

मोबाईलवर गावठी औषधांच्या याद्या फिरतात. व्यालेल्या गायीला काय उकळून द्यायचं ते सगळं त्यात असतं. वासराला कधी पाजायचं, ते मला एकाही यादीत सापडलं नाही. शहरातली माणसं या साऱ्याला एक तर अडाणीपणा म्हणतात, नाही तर ऋषींची देणगी. गोठ्यात येऊन बांधलेल्या वासराकडं बघायचं कुणालाच नसतं. आणि ज्यांना ते रोज दिसतं, त्यांनी रिवाजाला प्रश्न विचारायचा नाही, असं ठरलेलं.

म्हणून तुमच्या घरी, शेजारी, पाहुण्यांत कुणाची गाय गाभण असेल तर आजच त्यांच्याशी बोला. काढा खुशाल करा म्हणावं. पण वासरू उभं राहिलं की वार पडायची वाट न बघता त्याला कासेला लावा. आणि कुणी दावं घेऊन आलंच, तर ते त्यांच्या हातातून काढून घ्या.