भेराचा मायरा

शुक्राची चांदणी वर असतानाच भेरारामचा दिवस सुरू व्हायचा. वाळू गार असते तोवर कुईत, म्हणजे वाळूतल्या अरुंद, खोल विहिरीत उतरायचं. माणूस जेमतेम मावेल एवढाच घेर. आत उकिडवं बसून आखूड दांड्याच्या फावड्यानं खणायचं आणि जेवढं खणलं तेवढी भिंत गवताच्या जाड दोरानं लगोलग बांधून घ्यायची. आळस केला की वाळू अंगावर. वरून त्याचा जोडीदार तगा मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकायचा. तिच्याबरोबर गार हवा उतरायची, कोंडलेली वाफ वर निघायची. भेराच्या डोक्यावर पितळेचं पातेलं पालथं.

"वाळू फेकतोयस की दगड?" तो खालून ओरडायचा.

"आहेस होय? मला वाटलं, खणत खणत बहिणीच्या अंगणात निघालास!"

बहीण सुवटी सरहद्दीपलीकडे, दोन कोसांवर. टेकाडावरून तिच्या गावचा धूर दिसायचा. ती सासरी गेली तेव्हा कुंपण नव्हतं. सकाळी उंट काढला की न्याहारी तिच्याकडे. मग तारा आल्या. भेराची बायको वारली, पोर झालंच नव्हतं. संध्याकाळी तो त्या धुराकडे बघत भाकरी खायचा.

एकदा भाच्याच्या फोनवरून सुवटी बोलली, "थोरलीच्या लग्नात मायरा, माहेरचा आहेर, खेजडीच्या झाडाकडून घेतला. झाडालाच भाऊ मानून कुंकू लावलं. आता धाकटीचं ठरलंय. भाऊ असताना याही वेळी झाडच का, वीरा?"

भाचीच्या लग्नात बहिणीच्या डोक्यावर चुनडी घालायची ती भावानंच. भेरानं मग जास्त मजुरीसाठी इतरांनी सोडलेल्या खोल कुया धरल्या. गुडघे सरळ होईनात, तरी उतरला.

चाळीसेक वर्षं बंद असलेली पाकिस्तानची गाडी पुन्हा सुरू झाली होती. व्हिसा मिळाला, पण फक्त कराचीचा. सरहद्दीलगतच्या गावात जायला मनाई.

तगा म्हणाला, "नाकासमोरचं घर, अन् तू समुद्राला वळसा घालणार?"

"वाटेत गाडी थांबेल की कुठं तरी. सुवटीला दिवस कळवलाय."

आधी उलटं जोधपूरला जायचं, तिथून गाडी. ती त्याच्याच गावावरून न थांबता गेली. कुईच्या तोंडाशी एकटा तगा उभा दिसला, हात हलवायच्या आत मागे पडला.

सरहद्द ओलांडून गाडी एका स्टेशनात थांबली. उतरायची परवानगी नव्हती. पिकल्या केसांची एक बाई खिडक्या बघत धावत होती. तिनंच त्याला ओळखलं.

"वीरा! केस कुठं गेले रे?"

"पातेल्यानं खाल्ले."

ती हसली आणि लगेच रडली. तिनं कपाळ गजांना टेकवलं. भेरानं घाई केली नाही. अरुंद जागेत हात कसा चालवायचा हे त्याला ठाऊक होतं. लाल चुनडी त्यानं गजांमधून चुणी न अडकवता बाहेर सोडली आणि दोन बोटांनी तिच्या डोक्यावर नीट बसवली. पदर सारखा करेपर्यंत गाडी हलली.

परतीची गाडी आठवड्यानं होती. कराचीत ओळखीचं कुणी नव्हतं. लग्नाच्या दिवशी तो धर्मशाळेच्या पायरीवर बसून होता. कुयांची सगळी मजुरी त्या चुनडीत आणि तिकिटात गेली होती. तिकडे सुवटी आता मांडवात उभी असेल. या खेपेस खेजडीला कुणी कुंकू लावलं नसेल.